देव हलवायचे कुणी

चर्चच्या शिवणवर्गात शिकवायला जाणार, असं मी घरी सांगितलं तेव्हा सासूबाईंनी पगाराचं विचारलंच नाही. त्यांचा पहिला प्रश्न होता, "तितं पानी कुनाच्या हातचं पिशील?"

"नळाचं," मी म्हटलं.

त्यांनी तोंड फिरवलं. तो होकारच आहे असं धरून मी दुसऱ्या दिवशी कशेळ्याच्या जीपमध्ये बसले. पुढे याच सासूबाई नाताळ आला की फादरांसाठी करंज्यांचा डबा भरून ठेवायला लागल्या, आणि डबा रिकामा परत आला की कुरकुरायच्या. बाटण्याची भीती केव्हाच गेली होती. रिकामा डबा परत करू नये एवढी साधी रीत त्या शिकल्यासवरल्या माणसाला कळत नाही, हे दुःख मात्र शेवटपर्यंत राहिलं.

आमच्या बाजूला ख्रिस्ती माणूस शोधावाच लागतो. कर्जतला रेल्वेच्या नोकरीपायी आलेली काही घरं, दोन-चार शिक्षक, एवढीच काय ती चर्चची माणसं. पण त्या लहानशा चर्चचा पसारा पार डोंगराच्या कुशीतल्या वाड्यांपर्यंत पोचलेला. मुलींचं वसतिगृह, बालवाड्या, सिस्टरांचा फिरता दवाखाना, बायकांचे बचत गट, आणि कशेळ्याच्या बाजारातल्या भाड्याच्या खोलीत आमचा शिवणवर्ग. शिवणवर्गात येणाऱ्या बायका वाड्यांवरून यायच्या. त्यांच्या घरी जाता जाता मी कधी वाड्यांच्या कामात ओढली गेले, ते माझं मलाच कळलं नाही.

ओढणारे अर्थात फादर. वसईकडचे, उंच, किडकिडीत, गुडघ्यांनी कायमचे कुरकुरणारे. मराठी अशी बोलायचे की धड्याचं पुस्तक उघडून ठेवावं. लहान पोराला आपण, म्हातारीला आपण, आणि वाटेत आडवी आलेली शेळी असली तरी तिलाही "आपण जरा बाजूला होता का?" मला आधी वाटायचं हा माणूस सोंग करतोय. माझा स्वभाव तसा संशयीच. वाड्यांवर येऊन फोटो काढून जाणारी माणसं मी भरपूर पाहिली होती. हात पुसायच्या फडक्याएवढं काम करायचं आणि त्यावर चादरीएवढा बोर्ड लावायचा, अशीच आमच्याकडची पद्धत. फादरांच्या कुठल्याही कामावर कधी बोर्ड लागला नाही. "आपल्याला काय हवं आहे?" असं ते वाडीत विचारायचे आणि मग गप्प बसून राहायचे. गप्प म्हणजे किती गप्प! मला तर चुळबुळ व्हायला लागायची. मग कुणीतरी म्हातारी खाकरायची, आणि जे खरं हवं असायचं ते बाहेर पडायचं.

बसून राहायचे असं मी म्हटलं खरं, पण वाडीत ते कधी बसत नसत. त्याला कारण होतं. पहिल्याच वर्षी चढून दमले म्हणून एका झाडाखालच्या गोल दगडावर टेकले, आणि तो निघाला म्हसोबा. वाडीतली माणसं रागावली वगैरे नाहीत. एकीनं दगडावर तांब्याभर पाणी ओतलं, विषय संपला. पण फादरांच्या मनातून तो गेला नाही. तेव्हापासून वाडीतला प्रत्येक दगड त्यांना देव वाटायला लागला. पायरी दिसली तरी आधी माझ्याकडे बघायचे. मी "बसा हो, पायरी आहे ती" म्हटलं तरी विश्वास नाही. सगळी सभा उभ्यानं, एका गुडघ्यावरून दुसऱ्या गुडघ्यावर भार टाकत.

आता त्या वाडीचं सांगते. कशेळ्यावरून जीप जिथं सोडते तिथून पुढे चढाची पायवाट, आणि वर कातकऱ्यांची वाडी. रस्ता म्हणावा तो अलीकडेच झालेला, मुरमाचा, टेंपो कसाबसा चढेल एवढाच. तो टेंपो वर्षातून दोनदा यायचा. दिवाळी झाली की माणसं न्यायला, पावसाच्या तोंडाशी परत सोडायला. अख्खी वाडी वीटभट्टीवर जायची. भांडीकुंडी, कोंबड्या, पोरं, सगळं टेंपोत. शाळेच्या हजेरीत पोरांची नावं तेवढी मागे राहायची.

वाडीच्या बचत गटाची प्रमुख होती एक बाई, माझ्याच वयाची असावी. तिला सगळे कारभारीण म्हणायचे, म्हणून मीही तेच म्हणते. बोलायला कमी, पण बोलली की समोरच्यानं ऐकून घ्यावं असं. तिची थोरली मुलगी भट्टीवर गेली आणि तिची शाळा तिथंच सुटली. धाकटी मात्र चर्चच्या वसतिगृहात राहून शिकत गेली. तिथं नववीपर्यंतच ठेवायचे, आणि त्या वर्षी ती दहावीत होती. रोज डोंगर उतरून कशेळ्याला शाळेत जायची. तिचा गणवेश आमच्याच शिवणवर्गात शिवलेला, बाह्यांची शिवण माझ्या हातची.

पावसाळा सरत आला तेव्हा फादरांनी आपला नेहमीचा प्रश्न विचारला आणि नेहमीसारखे गप्प राहिले. त्या दिवशी म्हातारी खाकरली नाही. कारभारीणच बोलली.

"पानी पायजेल. घराम्हागं वांगी, मिरच्या लावू. बाजारात इकू. मंग भट्टीवर नाय जावं लागनार. थोरलीची शाळा भट्टीनं खाल्ली. हिची नाय खाऊ देनार मी."

वाडीच्या वरच्या अंगाला उंबराखाली एक झरा आहे. त्याच्या तोंडावर सात दगड, शेंदूर लावलेले. साती आसरा. पाण्याच्या देवी त्या, आमच्या गावच्या विहिरीवरही आहेत. झऱ्याचं पाणी टाकीत अडवायचं आणि पाइपानं खाली आणायचं, असं ठरलं. जागा बघायला सगळे जमले. फादरांनी दगड पाहिले मात्र, दोन पावलं मागे सरले.

"या पवित्र जागेला आपण अजिबात हात लावायचा नाही," ते म्हणाले. "टाकी खालच्या बाजूला बांधू. चालेल ना?"

वाडीचा भगत, म्हणजे देवाचं सगळं करणारा म्हातारा, कारभारणीकडे बघायला लागला. ती त्याच्याकडे. मग दोघांनी मान हलवली. मला ते बघून फार बरं वाटलं. इतकी वर्षं लोकांनी आमच्या भागात देवांवरून भांडणंच केली, आणि इथं एक पाद्री दुसऱ्याच्या देवाचा इतका मान राखतोय. जीपमध्ये मी तसं बोलूनही दाखवलं.

वाडीनं खपून टाकी बांधली. दगड बायकांनी वाहिले. पाइप कशेळ्याच्या दुकानातून आला. दुकानदार चाचा कोकणी मुसलमान, जिभेचे तिखट. "टाकी चर्चची, देव कातकऱ्यांचे, पाइप माझा," ते म्हणाले, "आता पाणी नाही आलं तर भांडायला कुणाच्या दारात जाल?" सिमेंटच्या गोण्या मात्र त्यांनी स्वतःच्या टेंपोतून वरपर्यंत पोचवून दिल्या.

पाणी आलं. त्या दिवसांत सगळा उतारच पाझरत असतो, टाकी भरून वाहायला लागली. दिवाळीनंतर भट्टीचा मुकादम टेंपो घेऊन आला तेव्हा बाकीची बरीच घरं गेली, पण कारभारणीनं त्याला दारातूनच परत पाठवलं. तिच्याबरोबर आणखी काही बायका राहिल्या. घरामागे वाफे झाले. संक्रांतीला तिनं माझ्या पिशवीत वांगी घातली, नको म्हटलं तरी. काटेरी, लहान, जांभळी वांगी. सासूबाईंनी त्यांची भाजी केली आणि कुणाच्या हातची ते विचारलंही नाही.

पुढच्याच महिन्यात टाकीतलं पाणी उतरायला लागलं. आधी नळाची धार बारीक झाली, मग थेंब, मग तेही नाही. मी वर गेले तेव्हा टाकीच्या तळाला एक पाल निवांत पडली होती. वाफ्यातली रोपं माना टाकून उभी. आणि कारभारणीच्या दारात गाठोडं बांधून ठेवलेलं दिसलं.

"मुकादम यून गेला," ती म्हणाली. "भट्टीवर मानसं कमी हायेत. शनवारी टेंपो हाय."

"आणि हिची परीक्षा?"

तिनं गाठोड्याची गाठ आणखी आवळली. मुलगी आत चुलीपाशी पुस्तक घेऊन बसली होती. तिनं मान वर केली नाही, पानही उलटलं नाही. लोकांच्या मुलींना परीक्षेच्या दिवसांत दूध-बदाम मिळतात, आणि हिला टेंपो.

मी खाली उतरून फादरांना फोन केला, आणि जरा जास्तच मोठ्यानं बोलले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले. चढ चढताना दोनदा थांबले, गुडघा धरून. वर झऱ्यापाशी भगत, कारभारीण आणि राहिलेल्या बायका जमल्या होत्या. फादर उभेच, अर्थात.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "जागा मी निवडली. आपण दुसरीकडे खोदून पाहू. तोवर टँकरची काही व्यवस्था होते का, ते मी विचारतो."

"टँकर वर चढवणार कसा? डोक्यावर घेऊन?" मी म्हटलं.

तेवढ्यात मला दिसलं की कारभारीण बोलता बोलता आपली हंडी भरतेय. आसरांच्या दगडांना लागून एक ओंजळभर खळगा होता. त्यात ती करवंटी बुडवायची, हंडीत ओतायची, आणि खळगा पुन्हा भरायचा. करवंटी बुडे, खळगा भरे. म्हणजे पाणी होतं! दगडांच्या खाली, जिथं उन्हाळ्यात बायका नेहमी पाणी भरायच्या तिथंच होतं. टाकीपर्यंत पोचायच्या आत ते मुरमात जिरून जात होतं, एवढंच.

माझं डोकं फिरलं.

"पाणी हे इथं आहे," मी म्हटलं, "आणि टाकी ती तिथं खाली आहे. मधे कोण आडवं आलंय, ते मला कुणीतरी सांगेल का?"

सगळ्यांनी दगडांकडे पाहिलं. फादर घसा साफ करत म्हणाले, "आपल्या देवांना माझ्यामुळे धक्का लागावा, हे मला कधीच..."

कारभारणीनं करवंटी खाली ठेवली. "बाई, येक इचारू का? फादरना राग नाय ना येनार?"

"तू विचार गं. राग आला तर मी बघते."

"फादरना आमच्या देवाला हात लावाया चालत नाय ना? त्यांच्यात तसं आसंल. म्हनून आमी तवा गप ऱ्हायलो. येवढा भला मानूस, त्याला कशाला पापात घालायचं?"

फादर तिच्याकडे बघतच राहिले. त्यांची ती धड्यातली मराठी कुठल्या कुठे गेली. "मला? अहो, मला वाटलं तुमाला चालत नाय!"

मी कपाळावर हात मारून घेतला. बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. यांनी त्यांचा मान राखायचा म्हणून टाकी खाली बांधली. त्यांनी यांचं पाप वाचवायचं म्हणून खाली बांधू दिली. आणि दोघांच्या त्या सभ्यपणात एका मुलीची दहावी बुडायला निघाली होती. मला दोघांचाही संताप आला आणि त्याच क्षणी दोघांवरही असा जीव जडला की काय सांगू. आयुष्यभर मी माणसांना एकमेकांच्या पायावर पाय देताना पाहिलं होतं. समोरच्याच्या देवाला जपण्यात एवढी घोडचूक करणारी माणसं मला तेवढीच भेटली.

"पण हे दगड हलवलेले चालतात?" फादरांनी भगताला विचारलं.

"चालत नाय कसं?" भगत म्हणाला. "आदी त्या खाली व्हत्या, करवंदीच्या जाळीपाशी. पानी वर सरलं तसं माज्या बापानं त्यांना वर आनलं. पानी तितं आसरा. पानी सोडून त्या बसतील कुटं?"

"आमी दरसाल घरदार पाठीवर घेऊन हलतो," कारभारीण म्हणाली. "त्यांनी हातभर सरकाया काय झालं?"

शनिवारच्या आत काम व्हायला हवं होतं. मंगळवारी भगतानं नारळ फोडला, आसरांना हळद-कुंकू लावलं, आणि पुटपुटत त्यांना काय करणार आहोत ते सगळं समजावून सांगितलं, घरातल्या म्हाताऱ्यांना सांगावं तसं. फादर चपला काढून बाजूला उभे होते. त्यांनी हात जोडले नाहीत. जोडल्यासारखंही केलं नाही. मला त्यांचं तेच आवडलं. आपला देव लपवायचा नाही आणि दुसऱ्याचा हसण्यावारी न्यायचा नाही, हे जमायला फार सरळ माणूस लागतो.

बायका एकेक दगड उचलून उंबराच्या दुसऱ्या बाजूला नेऊ लागल्या. शेवटचा राहिला तेव्हा भगत फादरांकडे वळला. "घ्या की."

"मी?"

"मंग कोन? शेंदूर लागंल तेवडा."

फादरांनी वाकून दगड उचलला. चर्चमध्ये बारशाला लहान मूल हातात घेताना मी त्यांना पाहिलं होतं, अगदी तसाच धरला, एक हात खाली, एक हात आडवा. पांढऱ्या सदऱ्यावर शेंदराचा मोठा डाग पडला. तो पुढे कधी गेला नाही. शिवणवर्गात मी लिंबू लावून बघितलं, रॉकेल लावून बघितलं, शेवटी नाद सोडला.

दगडांच्या जागी खोदलं तर कमरेएवढ्या खोलीवर झऱ्याचं तोंड लागलं. गवंड्यानं तिथं लहानसा हौद बांधला, त्यातून टाकीत पाइप सोडला. पाइप कमी पडला तो चाचांनी धाडला, वर निरोप, "भांडायला आला नाहीत म्हणजे पाणी लागलं वाटतं." धार काही मोठी नव्हती, करंगळीएवढी. पण दिवसरात्र चालू. शुक्रवारी सकाळी टाकी अर्धी भरलेली होती.

शनिवारी टेंपो आला तेव्हा मी मुद्दाम वाडीत थांबले होते. मुकादम खाली उतरलाही नाही, हॉर्न देत राहिला. कारभारीण नळाखाली हंडी लावून उभी होती. हंडी भरली, तिनं ती डोक्यावर घेतली आणि टेंपोच्या बाजूनं चालत गेली.

"गाठोडं कुटं हाय गं?" मुकादमानं विचारलं.

"सोडलं," ती म्हणाली. "पानी हाय."

टेंपो मागे वळवायला जागा नव्हती, त्यामुळे तो उलटाच उतारावरून खाली गेला, गुरगुरत. बायका बराच वेळ हसत होत्या. मी मात्र कारभारणीच्या घरामागे जाऊन वाफ्यापाशी जरा रडून घेतलं. रोपांना पाणी लागलं होतं, माती काळी झाली होती.

दहावीच्या पहिल्या पेपरच्या दिवशी फादर आणि मी सकाळीच वर गेलो. फादरांनी मुलीसाठी पेन आणलं होतं. तिनं ते दोन्ही हातांनी घेतलं, दप्तरात ठेवलं, पुन्हा काढून बघितलं, पुन्हा ठेवलं. मग आम्हाला नळापाशी नेलं आणि तांब्या भरून दिला. मी पाणी प्यायले, आणि कुणाच्या हातचं ते सासूबाईंना सांगायचं ठरवलं.

फादर पाणी पिऊन उंबराखाली उभे राहिले, नेहमीसारखेच. आसरा आता पलीकडच्या बाजूला ओळीनं बसल्या होत्या, नव्यानं शेंदूर लावलेल्या. त्यांच्यापासून चांगलं लांब, सावलीत, एक चपटा काळा दगड मांडलेला दिसला. घासून धुतलेला. आधी तो तिथं नव्हता. फादरांनी त्याच्याकडे बघितलं आणि सवयीनं दोन पावलं मागे सरले.

"बसा," कारभारीण म्हणाली.

"नको, नको. मी ठीक आहे."

"आवं बसा. ह्यो देव नाय. तुमच्यासाटीच खालून वर आनलाय."

फादरांनी माझ्याकडे पाहिलं. मी खांदे उडवले, मला काय ठाऊक? त्यांनी पुन्हा तिला विचारलं, "नक्की?"

"नक्की," ती म्हणाली. "भगतानं त्याला इचारून घेतलंय."

तेव्हा फादर बसले. पहिल्यांदाच. हळूच टेकले, मग सगळा भार टाकला, आणि दोन्ही पाय लांब सोडले. टेंपोच्या त्याच वाटेनं मुलगी परीक्षेला खाली उतरत होती. ती वळणाआड जाईपर्यंत ते तिथंच बसून राहिले.